जाड बूड आणि धार: भाचीच्या पहिल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू, वापरून पाहिल्यावर

नवशिक्यासाठी भांड्यांचा तयार संच घेऊ नका. एक सुरी, चिरायला एक लाकडी फळी, जाड बुडाचं एक पॅन, झाकण असलेलं एक पातेलं आणि एक वजनकाटा, एवढ्यावर स्वयंपाक सुरू होतो आणि नीट चालतो. बाकीचं गरज पडेल तसं घ्यावं.

माझी भाची पहिल्यांदाच एकटी राहायला गेली. स्वयंपाकाची सवय शून्य, शिकायची इच्छा मात्र भरपूर. तिचं स्वयंपाकघर मांडायचं काम माझ्याकडे आलं. माझी नोकरी कारखान्यातल्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथे हत्यारं आणि साचे बनवतात तिथे झाली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी धातू, मग जाडी, मग कड बघतो. खाली लिहितोय ते तिच्या ओट्यावर रोज वापरात असलेल्या वस्तूंबद्दल, आणि काही काळानं कपाटात मागे गेलेल्या वस्तूंबद्दलही.

आधी त्या संचाविषयी. तो तिला भेट म्हणून आला होता. मोठा खोका, आत एकात एक बसणारे तीन नॉनस्टिक पॅन, लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सहा सुऱ्या, नायलॉनचे डाव, उलथणी आणि एक कात्री. कंपनीचं नाव लिहीत नाही. देणाऱ्यानं मनापासून दिला होता आणि दिसायला सुरेख होता. मी म्हटलं, वापरून बघ.

थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. "मामा, कांदा मधे जळतोय आणि कडेला कच्चाच राहतोय. मी सारखी परततेय तरी."

"गॅस केवढा ठेवतेस?"

"मध्यम. बारीक केला तर काहीच होत नाही."

तिच्या हाताचा काहीच दोष नव्हता. मी गेलो तेव्हा पॅन उलटं करून बुडावर पोलादी पट्टी आडवी धरली. पट्टी फक्त कडांना टेकत होती आणि मधे तिच्याखालून उजेड दिसत होता. म्हणजे बूड आतल्या बाजूला फुगलं होतं. तेल ओतलं की ते कडेला पळायचं आणि मधला कांदा कोरडा भाजला जायचा. व्हर्नियरनं, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या साधनानं, मोजलं तर पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर. पातळ अ‍ॅल्युमिनियम गरम-गार होताना असंच वाकतं, आणि तापलेलं पॅन लगेच नळाखाली धरलं तर फार लवकर वाकतं.

त्या संध्याकाळी आम्ही एक सोपी चाचणी केली. कुणीही घरी करू शकतं. कोरड्या पॅनमध्ये मैद्याचा पातळ, सारखा थर पसरायचा, पॅन मध्यम आचेवर ठेवायचं आणि मैद्याचा रंग कुठे आधी बदलतो ते पाहायचं. संचातल्या पॅनमध्ये ज्वाळांच्या जागी एक तपकिरी कडं उमटलं. कड्याच्या आत पांढरं, बाहेर पांढरं, आणि बघता बघता कडं काळपट झालं. मग मी नेलेलं स्टीलचं तीन थरांचं पॅन त्याच शेगडीवर, तेवढ्याच आचेवर ठेवलं. तिथे मैदा वेळ घेऊन, पण जवळजवळ सगळीकडे एकाच वेळी बदामी झाला. भाची दोन्ही पॅन शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिली. मी तोंडानं कितीही सांगितलं असतं तरी इतकं पटलं नसतं.

यामागचं कारण साधं आहे. स्टेनलेस स्टील टिकाऊ आहे, आंबट पदार्थांना दाद देत नाही, पण उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत फार मंद. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या साधारण १५ पट आणि तांबं २५ पट वेगानं उष्णता नेतं. म्हणून चांगल्या पॅनमध्ये स्टीलच्या दोन पत्र्यांच्या मधे अ‍ॅल्युमिनियमचा थर दाबून बसवलेला असतो. त्यालाच ट्राय-प्लाय म्हणतात. हा थर फक्त बुडात आहे की भिंतींमध्येही वरपर्यंत गेलाय, हे घेताना विचारावं. वरपर्यंत गेलेलं भांडं जास्त चांगलं, कारण दूध किंवा दाटसर रस्सा कडेला लागत नाही. पण पैसे मोजकेच असतील तर नुसत्या जाड बुडाचंही चालेल. पातळ पत्र्याचं मात्र नकोच. जाडीचं महत्त्व अ‍ॅल्युमिनियमलाही तितकंच आहे. संचातलं पॅनही अ‍ॅल्युमिनियमचंच होतं, पण उष्णतेला आडवं पसरायला त्यात पुरेसा धातूच नव्हता.

मी नेलेलं हे स्टीलचं पॅन २६ सेंटिमीटरचं आहे. एक-दोन माणसांचं त्यात आरामात होतं आणि एका हातानं उचलता येतं. उचलता येणं ही अट मी मुद्दाम घातली होती. दुकानात रिकामं पॅन दांड्यानं धरून मनगट थोडं फिरवून पाहावं, कारण भरल्यावर ते दुपटीनं जड होणार असतं. दांडा रिव्हेट मारून बसवलेला असावा. एका स्क्रूवर बसवलेला दांडा आज ना उद्या ढिला होतो, आणि गरम तेलाचं भांडं हातात असताना दांडा फिरणं ही फार धोक्याची गोष्ट आहे.

स्टीलच्या पॅनला चिकटतं, अशी तक्रार सगळेच करतात. चिकटतं, पण पॅन पुरेसं तापायच्या आत पदार्थ टाकला म्हणून. कोरडं पॅन मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापू द्यायचं आणि पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब पसरून चुरचुरत आटला तर अजून थांबायचं. थेंबाची गोळी होऊन ती घरंगळायला लागली की पॅन तापलं. तेव्हा थेंबाखाली वाफेचा थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं १७५६ साली याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. गोळी घरंगळली की आच कमी करायची, तेल घालायचं, ते पसरलं की पदार्थ टाकायचा, आणि मग त्याला लगेच उलथणं लावायचं नाही. खालची बाजू तांबूस झाली की तो स्वतःहून सुटतो. तळाला जे तपकिरी खरपूस लागलेलं उरतं त्यावर थोडं पाणी ओतून खरवडलं की रश्श्याला चव येते आणि पॅनही निम्मं साफ होतं. भाची हे सगळं आता न सांगता करते. मला या पॅनबद्दल एकच तक्रार आहे: दांडा पोकळ स्टीलचा असूनही मोठ्या आचेवर बराच वेळ ठेवलं तर तापतो, फडकं लागतंच.

नॉनस्टिक अजिबात नको असं मी म्हणणार नाही. अंड्यासाठी एक लहान, २० सेंटिमीटरचं नॉनस्टिक पॅन नवशिक्याकडे असावं. पहिल्याच आठवड्यात अंडं न फाटता ताटात उतरलं की स्वयंपाकाची भीती निम्मी जाते. पण ते झिजणारी वस्तू समजूनच घ्यावं. त्यावरचा थर पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा असतो. हा पदार्थ १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला दुसरंच काही शोधताना सापडला, आणि तो पॅनवर बसवायची कल्पना १९५४ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्क ग्रेग्वार यांनी प्रत्यक्षात आणली. साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे हा थर खराब होऊ लागतो आणि आणखी तापला तर त्यातून निघणारा धूर घातक असतो. घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर तो त्या धुरानं मरू शकतो. म्हणून रिकामं नॉनस्टिक पॅन मोठ्या आचेवर कधीही ठेवायचं नाही. थेंबाची चाचणी स्टीलवर करायची, नॉनस्टिकवर नाही, हे मी तिला दोनदा बजावलं. धातूचं उलथणं आणि तारेची घासणी यापासून ते लांब ठेवायचं. थर सोलवटायला लागला की सरळ बदलायचं. संचातलं सर्वांत लहान पॅन आम्ही याच कामासाठी ठेवून घेतलं. दोन अंड्यांपुरतं ते ठीक आहे.

आता सुरी. माझ्या दृष्टीनं सगळ्यात जास्त विचार करून घ्यायची वस्तू हीच.

ठोकळ्यातल्या सहांपैकी चार सुऱ्यांना करवतीसारखे बारीक दाते होते आणि खोक्यावर "धार लावायची गरज नाही" असं छापलं होतं. अशा सुरीला धार लावायची गरज नसते, कारण ती लावताच येत नाही. ती कापत नाही, फाडते. पिकलेला टोमॅटो चिरून बघा: साल आत दबते, गर बाहेर येतो, आणि माणूस आणखी जोर लावतो. बोट कापलं जातं ते इथेच. बोथट सुरी जोर मागते आणि जोर लावलेली सुरी घसरते. धारदार सुरीला फक्त मागे-पुढे न्यावं लागतं.

सहांच्या जागी आम्ही दोन घेतल्या. एक २० सेंटिमीटर पात्याची मोठी सुरी आणि एक बोटभर लहान. मोठी सुरी ९० टक्के काम करते. निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पात्याचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलंय का. मुठीखाली बोटांना जागा आहे का, की बोटांचे सांधे फळीवर आपटतात. आणि धारेच्या मागे पातं किती पातळ आहे. शेवटची गोष्ट फार कुणी बघत नाही, पण गाजरासारखी कडक भाजी चिरताना खरा फरक तिथेच पडतो. जाड पातं गाजर चिरत नाही, पाचरीसारखं फोडतं.

पोलादाच्या कडकपणाचा आकडा दुकानदार सांगतात, तो रॉकवेल मापातला असतो. युरोपीय पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८, जपानी पद्धतीच्या बहुतेक ६० च्या पुढे. जास्त कडक पोलादाची धार जास्त दिवस टिकते, पण हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर आपटली की कड तुटते, आणि तुटलेली कड भरून काढायला फार घासावं लागतं. शिकणाऱ्याच्या हातात ५६ ते ५८ वालीच द्यावी. ती लवकर बोथट होते आणि तितक्याच लवकर पुन्हा तयार होते. तिला गंजाचीही फारशी काळजी नसते. न गंजणाऱ्या पोलादाचं श्रेय ज्या हॅरी ब्रिअर्ली यांना देतात, त्यांचं १९१३ सालचं इंग्लंडमधल्या शेफिल्डचं पोलाद याच जातीचं होतं, उष्णता देऊन कडक करता येणारं. पातेल्याचं १८/१० स्टील, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेलचं, असं कडक होत नाही. पातेल्याचं स्टील चांगलं म्हणून सुरीलाही तेच हवं असं नाही, ही दोन वेगळी पोलादं आहेत.

धार लावायला १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा, एक पाणदगड घेतला; तो पाणी लावून वापरतात. खाचेतून सुरी ओढायची ती चाकांची यंत्रं मला पसंत नाहीत, ती पातं नुसतं खरवडतात. दगडावर कोन सांभाळणं अवघड वाटतं, म्हणून भाचीला टूलरूममधली एक युक्ती शिकवली. धारेच्या उताराला मार्करनं काळी शाई लावायची आणि दगडावर एक-दोनदा हलकेच फिरवायचं. शाई फक्त वरच्या बाजूची गेली तर पातं फार आडवं धरलंय, फक्त अगदी धारेलगतची गेली तर फार उभं. पूर्ण पट्टी पुसली गेली की कोन बरोबर. तो साधारण १५ ते २० अंशांत असतो. एका बाजूनं घासत राहिलं की पलीकडे अगदी बारीक कड चढते. धारेच्या दिशेनं नाही, तर पात्याकडून धारेबाहेर अंगठा नेला की ती लागते. लागली की बाजू बदलायची, शेवटी अगदी हलक्या हातानं दोन्हीकडून फिरवून ती काढून टाकायची. पहिल्यांदा ती कड बोटाला लागली तेव्हा भाचीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सुरी भांडी धुण्याच्या यंत्रात टाकायची नाही, सिंकमध्ये बुडवून ठेवायची नाही. धुवायची, पुसायची, जागेवर.

फळी लाकडाची घेतली, अंगानं जाड, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. काचेची फळी सुरीचा जीव घेते, ती कुणी दिली तर त्यावर गरम भांडं ठेवावं. लाकूड अस्वच्छ आणि प्लास्टिक स्वच्छ, हा समज मात्र तपासून बघण्यासारखा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डीन क्लिव्हर या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत लाकडात शिरलेले जंतू वाढले नाहीत, हळूहळू मेले. सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकमध्ये मात्र ते टिकून राहिले आणि हातानं धुऊन जाता जात नव्हते. तरीही कच्चं मांस चिरत असाल तर त्यासाठी वेगळी फळी ठेवाच. फळीखाली ओलं फडकं पसरलं की ती सरकत नाही. सुरीइतकीच ही सवयही पहिल्या दिवसापासून लागायला हवी.

पातेलं तीन लिटरचं, दोन कानांचं, घट्ट झाकणाचं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि पातेल्याच्या बाबतीत ही चांगलीच गोष्ट आहे. आतून लिटरच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्या रोज उपयोगी पडतात.

प्रेशर कुकर तिनं स्वतः मागितला. आधी मी थांब म्हणत होतो, पण तिची कामाची वेळ बघता तिचंच बरोबर ठरलं. कुकरात दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून कडधान्यं इतक्या लवकर शिजतात. यातलं तत्त्व जुनं आहे: देनी पापाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ मध्ये असं भांडं करून दाखवलं होतं, आणि जादा वाफ सोडणारी सुरक्षा झडपही त्याचीच. नवशिक्यानं दोनच नियम पाळावेत. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, फुगणारं आणि फेसाळणारं असेल तर निम्माच. आणि दर वेळी झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का ते बघायचं. घेताना त्याच कंपनीची रबरी रिंग आणि झडप सुटी मिळते का, हे विचारून घ्यावं. ती मिळत नसेल तर कुकर कितीही चकचकीत असो, घेऊ नये.

वजनकाटा ही मी दिलेली सगळ्यात आवडती वस्तू ठरली. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंतचा. अनुभवी माणूस अंदाजानं घालतो कारण अंदाज त्याच्या हातात मुरलेला असतो. शिकणाऱ्याकडे तो नसतो, आणि काल जमलं ते आज का बिघडलं हेच त्याला कळत नाही. कप हे माप तर फार फसवं. मैदा दाबून भरला आणि भुरभुरून भरला तर एकाच कपात २०-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यातही तसंच. भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा आणि एकेक जिन्नस घालत जायचं, म्हणजे मापाची भांडीही धुवावी लागत नाहीत. भाची एका वहीत वजनं लिहून ठेवते. आता भातात पाणी किती, हे तिला विचारावं लागत नाही.

किरकोळ वस्तूंवर जास्त पैसे घालू नयेत. साल काढायला आडव्या पात्याचा पीलर, १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पेटंट झालेल्या रेक्सच्या धर्तीचा: साधा पत्रा, हलका, हाताला लगेच बसतो. लांब चिमटा, दोन लाकडी उलथणी, एक बारीक जाळीची चाळणी, दोन मोठे वाडगे. नायलॉनची उलथणी आम्ही काढून टाकली, गरम पॅनच्या कडेला टेकून त्यांची टोकं मऊ पडली होती. त्याऐवजी सिलिकॉनचं एक घेतलं. मांसाहारी असाल तर आत खुपसायचा थर्मामीटरही घ्या. कोंबडी आतून ७४ अंशांना पोचली की निर्धास्त, कापून बघत बसायला नको.

मुद्दाम न घेतलेल्या वस्तूंतही दोन-तीन सांगण्यासारख्या आहेत. पातळ काप करायची पात्याची किसणी, जिला मँडोलिन म्हणतात, ती हात सरावल्यावरच घ्यावी. नवशिक्याची बोटं त्यावर फार कापली जातात. बिडाचं पॅन मला स्वतःला अतिशय प्रिय, एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण ते सावकाश तापतं, जड असतं, ओलं राहिलं की गंजतं, आणि त्यावर तेलाचा थर पुन्हापुन्हा भाजून बसवावा लागतो. रोजचं रांधणं अंगवळणी पडल्यावर ते आणावं. लसूण दाबायचं यंत्र, अंडी कापायच्या तारा, अशा एकाच कामाच्या गोष्टींना लहान स्वयंपाकघरात जागा नाही. सुरी नीट चालवता आली की ही कामं तीच करते.

आता यादीत एकच मोठी वस्तू राहिली आहे. तिच्याकडे मैत्रिणी जेवायला यायला लागल्यात आणि तीन लिटरचं पातेलं पुरत नाही. आठ लिटरचं घ्यायचं ठरलंय, पण ती पुढे ज्या घरात जाणार तिथे इंडक्शनची शेगडी आहे. इंडक्शनवर बुडाला चुंबक चिकटावं लागतं. १८/१० स्टीलला ते चिकटत नाही, म्हणून अशा भांड्याच्या बुडाला बाहेरून चुंबक धरणाऱ्या स्टीलचा थर असावा लागतो. दुकानात जाताना फ्रिजवरचा एक चुंबक आणि माझी पोलादी पट्टी ती पर्समध्ये घेऊन जाणार आहे. मी तिला म्हटलंय, भांडं आवडलं तरी आधी उलटं कर, चुंबक लाव, पट्टी धर, आणि मगच झाकण कसं बसतंय ते बघ.